सोनेरी आयव्ही हिरवी का पडली?

पत्र:

काकू, नमस्कार. मी मूळची साताऱ्याची. गेली तीन वर्षं इंग्लंडमध्ये रेडिंगला आमचं स्वतःचं घर आहे. स्वयंपाकघराच्या मागची लाल विटांची भिंत अगदी उघडीबोडकी दिसते, म्हणून दोन वर्षांपूर्वी नर्सरीतून 'बटरकप' नावाची सोनेरी आयव्हीची वेल आणली. आणली तेव्हा पानं हळदीचं बोट लावल्यासारखी पिवळी होती. आता वेल जिवंत आहे, पण पानं कैरीच्या सालीसारखी हिरवी झालीत. खत घातलं, कुणीतरी सांगितलं म्हणून लोहाचं टॉनिक दिलं, काही फरक नाही. शिवाय ती भिंतीला धरतच नाही. काठीला बांधली आहे तेवढीच उभी, बाकीची जमिनीवर लोळते. आई आली होती ती म्हणाली, "काढून टाक, वेल भिंत खाते." शेजारचे आजोबाही तेच म्हणतात. उपटून टाकू का? भिंतीचं तोंड उत्तरेला आहे. अंगणाच्या कडेला कमरेएवढी एक जुनी वीटभिंत आहे, तिच्यावर दुपारनंतर ऊन असतं, तिथे सध्या काहीच नाही. घरात तीन वर्षांचा मुलगा आहे, हेही सांगून ठेवते. आणि एक शेवटचं. आईला या वेलीचा फोटोतला पिवळा रंग फार आवडलाय. डिसेंबरमध्ये साताऱ्याला जाताना दोन फांद्या नेल्या तर लागतील का?

उत्तर:

तू मला काकू म्हटलंस, तेव्हा मीही अगंतुगंच करते.

आधी एवढं ऐक, की उपटू नकोस. तुझी वेल आजारी नाही, उपाशी नाही आणि नर्सरीवाल्याने तुला वेगळीच वेल गळ्यात मारलेली नाही. ती 'बटरकप'च आहे आणि 'बटरकप' सावलीत जशी वागते तशीच वागते आहे. या वेलीचा पिवळा रंग पानात कायमचा भरलेला नसतो. ऊन लागेल तिथे तो उमटतो आणि सावलीत मावळतो.

माझ्या लीड्सच्या बागेत पश्चिमेकडच्या भिंतीवर हीच वेल आहे. परवा तुझं पत्र वाचलं आणि मुद्दाम जवळ जाऊन बघितलं. वरचं एक पान बोटाने बाजूला केलं, तर खालच्या पानाचा जेवढा भाग त्याच्या आड होता तेवढा पोपटी होता आणि बाहेर डोकावणारा तुकडा लख्ख पिवळा. एकाच पानावर दोन रंग, मधली रेघही जवळजवळ स्पष्ट. आणखी खाली, जिथे हात घालून चाचपडावं लागतं तिथली पानं तर तुझ्या भिंतीवरच्या पानांसारखीच हिरवी. म्हणजे तुझी आणि माझी वेल वेगळी नाही, भिंती वेगळ्या आहेत.

पानाचा हिरवा रंग हरितद्रव्याचा, हे आपण शाळेत शिकलो. या जातीच्या पानात उन्हात हरितद्रव्य कमी राहतं आणि त्याच्याखाली झाकलेला पिवळा रंग वर दिसतो. सावलीत थोडक्या उजेडावर पोट भरायचं, तर पानाला हरितद्रव्य वाढवावंच लागतं. मग पिवळं झाकलं जातं. म्हणून खताने काही होणार नव्हतं. उलट नत्राचं खत जास्त झालं की पान आणखी हिरवं आणि लुसलुशीत होतं. लोहाचं टॉनिक तर पिवळं पडलेलं पान हिरवं करायला देतात, आणि तुला नेमकं उलटं हवं होतं. दोन्ही बंद कर. आयव्हीला खताची फारशी भूक नसते. वर्षातून एकदा, वसंतात, बुंध्याभोवती कुजलेल्या पालापाचोळ्याचा दोन-तीन इंचांचा थर दिला की झालं.

आता उत्तरेच्या भिंतीबद्दल. साताऱ्याहून आलेल्या माणसाच्या हे पटकन ध्यानात येत नाही, माझ्याही बरीच वर्षं आलं नव्हतं. आपल्याकडे शून्य सावलीचा दिवस असतो बघ, साताऱ्यात मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात सूर्य भर दुपारी थेट डोक्यावर येतो. तिथून जुलैअखेरपर्यंत तो दुपारी डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो. त्यामुळे घराच्या उत्तरेच्या भिंतीलाही उन्हाळ्यात ऊन मिळतं, आणि आपल्या मनात कुठलीच बाजू कायमची सावलीची नसते. रेडिंग साडेएक्कावन्न अक्षांशावर आहे. तिथे २१ जूनला, वर्षातल्या सगळ्यात मोठ्या दिवशीही, दुपारचा सूर्य दक्षिणेला, क्षितिजापासून ६२ अंशांवरच थांबतो. डिसेंबरात तर जेमतेम १५ अंश. तो कधीच डोक्यावर येत नाही, मग ओलांडून उत्तरेला जाणं दूरच. तुझ्या स्वयंपाकघराच्या भिंतीला मिळालंच तर उन्हाळ्यात अगदी पहाटेचं आणि अगदी संध्याकाळचं तिरपं ऊन मिळतं, तेही मध्ये शेजारचं घर नसेल तर. त्या उजेडात 'बटरकप' जगेल, वाढेल, पण सोनं काही दाखवणार नाही.

उपाय तुझ्या पत्रातच आहे. ती कमरेएवढी, दुपारनंतर ऊन खाणारी भिंत. 'बटरकप' ही सगळं घर झाकणारी वेल नव्हेच. वाढीला ती सावकाश आहे, दोन मीटरच्या आसपास जाते आणि तेवढीच आडवी पसरते. रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटी या इथल्या बागकामाच्या संस्थेने तिला आपला 'अवॉर्ड ऑफ गार्डन मेरिट' दिला आहे, तो अशा छोट्या बागेत ती शहाण्यासारखी वागते म्हणूनही असावा असं मला वाटतं. घराच्या भिंतीवर ती अपुरी पडली असती. त्या जुन्या भिंतीवर मात्र अंगभर पसरून माथ्यावरून पलीकडे ओघळेल, आणि ऑक्टोबरच्या राखाडी दुपारी घरातून बघशील तेव्हा तेवढाच कोपरा उजळलेला दिसेल. मला ही वेल आवडते ती यासाठी. इथला हिवाळा लांब असतो आणि ही पानं झडत नाहीत.

दक्षिणेची तापणारी भिंत असती तर मी जरा अडवलं असतं. पिवळ्या पानाला कडक ऊन सोसत नाही, कडा तपकिरी होऊन कुरकुरतात. १९ जुलै २०२२ ला लिंकनशरमध्ये कॉनिंग्जबीला पारा ४०.३ अंशांवर गेला, त्या आठवड्यात माझ्या वेलीची वरची पानं इस्त्रीखाली राहिलेल्या कापडासारखी करपली होती. मुळं ओलसर होती म्हणून सप्टेंबरात नवी पालवी आली. पश्चिमेच्या भिंतीवर नेहमीच्या उन्हाळ्यात ही भीती नाही. फक्त पहिले दोन उन्हाळे पाण्याकडे लक्ष ठेव. कोरडी, तापलेली, धूळ बसलेली वेल असली की लाल कोळी नावाची बारीक कीडही येते. पानांवर बारीक फिकट ठिपके दिसले, तर पानांच्या खालच्या बाजूनेही पाण्याचा फवारा मार.

पण आहे ती वेल उपटून तिकडे नेऊ नकोस. तिचीच पिल्लं ने. आत्ता ऑगस्ट चालू आहे, वेळ अगदी बरोबर आहे. तू म्हणतेस बाकीची वेल जमिनीवर लोळते. तिथे जाऊन एक लोळणारी फांदी हलकेच उचलून बघ. बहुतेक ठिकाणी ती उचलली जाणारच नाही, पेराशी बारीक मुळं फुटून तिने माती धरलेली असेल. हे झालं आयतं दाबकलम. आपल्याकडे मोगऱ्याची फांदी वाकवून मातीत दाबतात, वर दगड ठेवतात, तेच वेल आपण होऊन करून बसली आहे. जिथे मुळं धरली असतील, तिथे मूळ वेलीला जोडणारा भाग कात्रीने तोड, मुळांसकट मातीचा गोळा खुरप्याने उचल आणि कुंडीत लाव. ज्या फांद्यांनी अजून धरलेलं नाही त्यांच्यावर मूठभर माती आणि एक वीट ठेव, वसंतापर्यंत तीही तयार होतील.

आणखी हवी असतील तर छाटकलमं कर. यंदाच्या वाढीची, खाली जरा टणक आणि वर कोवळी अशी फांदी घे, बोटभर लांबीचे तुकडे पेराच्या लगेच खाली काप, खालची पानं काढ. कुंडीत निम्मी बारीक खडी आणि निम्मं कंपोस्ट, त्यात कडेकडेने पाच-सहा तुकडे खोच आणि वरून पारदर्शक पिशवी घाल. कुंडी उजेडात ठेव, उन्हात नको. महिना-दीड महिन्यात हलक्या हाताने ओढून बघितलंस तर तुकडा हातात येणार नाही. चढत्या वेलीची कोवळी फांदी इतक्या सहज लागते की बागेत नव्याने हात घालणाऱ्या कुणालाही मी हीच पहिली शिकवते.

लावताना जी एक चूक मी केली, ती तू करू नकोस. कदाचित तू केलीही असशील. मी माझी पहिली आयव्ही भिंतीला अगदी खेटून, वीतभर अंतरावर लावली होती. वेल भिंतीवर चढवायची म्हणजे भिंतीजवळच लावायची, असं वाटलं. यॉर्कशरात पाऊस पडतच होता आणि वेल मात्र वाळत होती. एका संध्याकाळी पाऊस थांबल्यावर बोटाने माती उकरली, तर भिंतीच्या पायथ्याची पट्टी सुपारीसारखी कोरडी. भिंत आणि छपराची पागोळी पाऊस अडवतात, शिवाय विटा स्वतःच पाणी ओढतात. तेव्हा दीड फूट, अगदीच जागा नसेल तर फूटभर अंतर सोड, आणि रोप भिंतीकडे झुकवून लाव. आयव्हीला माती कसलीही चालते, चुनखडीचीही चालते. पाणी साचून राहायला नको एवढंच.

आणि आता भिंतीला न धरण्याबद्दल. आयव्हीच्या खोडाला भिंतीकडच्या अंगाने बारीक, ब्रशच्या केसांसारखी मुळं फुटतात, त्यातून चिकट द्रव पाझरतो आणि वाळून ती भिंतीला घट्ट बसतात. पण ही मुळं फक्त नव्या, वाढत्या कोंबाला येतात. जो भाग भिंतीला न टेकता टणक झाला, तो पुढे कधीच धरत नाही. नर्सरीतल्या कुंडीत काठीला बांधून वाढवलेली लांब फांदी तू तशीच भिंतीशी उभी केलीस, ती जन्मभर बांधलेलीच राहील. म्हणून नवीन जागी लावताना काठी काढून टाक. लांब फांद्या भिंतीच्या पायथ्याशी आडव्या टाक आणि जागोजाग आकड्याने दाब. त्यातून जे कोंब वर निघतील ते आपणहून चढतील. पहिलं वर्षभर काहीच होत नाहीसं वाटेल. घाई करून सुतळ्या बांधत बसू नकोस.

आईच्या आणि शेजारच्या आजोबांच्या भीतीला मी खोटं म्हणणार नाही. आईच्या डोळ्यांसमोर पिंपळ आहे. वाड्याच्या भिंतीत पाखराच्या विष्ठेतून बी पडतं, फटीत रुजतं, आणि पाच-दहा वर्षांत सगळा कोपरा उकलतो, हे साताऱ्यात वाढलेल्या प्रत्येकाने बघितलेलं आहे. पण पिंपळ भिंतीतच रुजतो, तिथलाच ओलावा पितो, त्याची मुळं जाडजूड होत विटा सारत जातात. आयव्हीचं पोट जमिनीतल्या मुळांवर चालतं. भिंतीवरची मुळं नुसती पकडून ठेवायला असतात. ती बांडगूळही नाही, झाडावर चढली तरी झाडाचा रस पीत नाही. ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या भूगोल विभागाने इंग्लिश हेरिटेज या जुन्या वास्तू जपणाऱ्या संस्थेसाठी जुन्या भिंतींवरच्या आयव्हीचा काही वर्षं अभ्यास केला होता. आयव्हीने झाकलेल्या भिंतीत थंडी-उन्हाचे चढउतार कमी होतात, आणि रस्त्याकडची बारीक धूळ पानं अडवतात, असं त्यांना दिसलं. म्हणजे धडधाकट भिंतीला तिचा आधारच होतो.

धडधाकट हा शब्द मात्र महत्त्वाचा. भिंतीला आधीच भेगा असतील तर कोंब आत शिरतो, आत जाडा होतो आणि भेग रुंद करतो. तिथे आजोबांचं बरोबर आहे. त्यामुळे नवीन वेल लावायच्या आधी त्या जुन्या भिंतीच्या दर्जा, म्हणजे विटांमधले भरलेले सांधे, तपास. घराची किल्ली घे आणि चार-सहा ठिकाणी दर्जेवर ओढ. नुसता ओरखडा उठला तर ठीक. रवाळ वाळू भुरभुर खाली पडली, तर आधी गवंडी बोलावून दर्जा भरून घे. भिंत खूप जुनी असेल तर दर्जा चुन्याच्या असतील, त्या चुन्यानेच भरायच्या. सिमेंटने भरल्या तर विटांचा ओलावा कोंडतो आणि विटांचे पापुद्रे निघतात. घराच्या भिंतीवर आणखी काही जागा सांभाळायच्या आहेत. खाली जाळीच्या विटा असतात ना, फरशीखाली हवा जायला, त्या कधी झाकू द्यायच्या नाहीत. पन्हळी, खिडक्यांच्या चौकटी आणि छपराची कड यांच्यापासून वेल हातभर खालीच छाटायची, कारण छपराच्या कौलाखाली शिरली की ती काढणं तुझ्या हातचं राहत नाही. रंग दिलेल्या किंवा गिलावा फुगलेल्या भिंतीवर मी आयव्ही चढवत नाही. काढायची वेळ आली की गिलावा घेऊनच खाली येते. आणि कधी काढायची झालीच तर हिरवी असताना ओरबाडू नकोस. बुंधा कापून ठेव, वेल पूर्ण वाळू दे, मग काढ. भिंतीवर उरलेल्या मुळांच्या खुणा तारेच्या ब्रशने बऱ्याचशा जातात, सगळ्या जात नाहीत.

मग उत्तरेच्या भिंतीचं काय? माझं ऐकशील तर हिरवट 'बटरकप' तिथे आहे तशी राहू दे. फेब्रुवारीत तिची जुनी बांधलेली फांदी वीतभर ठेवून काप, नवीन कोंब भिंतीला धरतील. तो कैरीचा रंगही लाल विटेवर वाईट दिसत नाही. पण तिथे सोनंच हवं असेल, तर ज्या आयव्हीचं पिवळेपण उन्हावर एवढं अवलंबून नाही, पानाच्या घडणीतच आहे, अशी लाव. दोन सांगते.

'गोल्डहार्ट' म्हणून एक आहे. पान छोटं, गडद हिरवं, आणि मधोमध पिवळा डाग. कोवळी खोडं गुलाबीसर लाल. काही याद्यांत तिचं नाव 'ओरो दि बोल्यास्को' असं सापडेल. बोल्यास्को हे इटलीत जेनोव्हाजवळचं समुद्रकाठचं गाव, 'ओरो' म्हणजे सोनं. पहिली दोन-तीन वर्षं ती हलत नाही, मग एकदम सुटते. तिची एक खोड आहे. मधूनच एखादी फांदी पूर्ण हिरव्या पानांची निघते. ती फांदी जोमाने वाढते, कारण तिच्याकडे हरितद्रव्य जास्त, आणि दुर्लक्ष केलंस तर दहा वर्षांत भिंत साधी हिरवी होते. हिरवी फांदी दिसली की ती जिथून फुटली तिथूनच काप, नुसता शेंडा खुडून भागत नाही.

दुसरी 'सल्फर हार्ट', काही नर्सरीत 'पॅडीज प्राइड' या नावाने मिळते. ही वेगळ्या जातीची आयव्ही, काळ्या समुद्राच्या पूर्वेला कोल्किस नावाचा जो जुना प्रांत होता, त्यावरून तिचं शास्त्रीय नाव पडलं आहे. पान तळहाताएवढं, जाडसर, खाली झुकलेलं, मधोमध गंधकी पिवळा फराटा आणि त्याच्या कडेला दोन-तीन छटांचा हिरवा. चार-पाच मीटर सहज जाते. तुझ्या त्या उघड्या भिंतीसाठी मी डोळे मिटून हीच निवडली असती. खिडकीतून लांबून बघायच्या भिंतीवर छोट्या पानांचा डाग कळत नाही, ही मात्र लांबूनही डोळ्यांत भरते. विकत घेताना पानं बघून घे, नुसत्या पाटीवर जाऊ नकोस.

मुलाबद्दल सांगितलंस ते बरं केलंस. आयव्हीचं पान आणि फळ दोन्ही पोटात जायला नकोत. चवीला कडू असल्यामुळे मुलं सहसा दुसरा घास घेत नाहीत, पण चावून गिळलंच तर इथल्या सरकारी आरोग्यसेवेच्या १११ नंबरला फोन करून विचार. फळं काळी, मिरीपेक्षा थोडी मोठी, पण ती फक्त वेल वयात आल्यावर लागतात. तेव्हा पानांचे कोपरे जाऊन ती साधी, टोकदार होतात, फांद्या चढायच्या थांबतात आणि फुलतात. तुझ्या वेलीला त्याला अजून बरीच वर्षं आहेत. रोजचा प्रश्न आहे तो रसाचा. त्यात फाल्कारिनॉल असतं, काहींच्या कातडीला त्याने खाज आणि फोड येतात. छाटताना हातमोजे आणि लांब बाह्या घाल, भिंतीवरची जुनी वेल छाटत असशील तर तोंडावर मास्कही लाव, कारण आत वर्षानुवर्षांची धूळ असते. कापलेले तुकडे अंगणात पडू देऊ नकोस. मुलाच्या हाताला लागतील हे तर आहेच, शिवाय ओल्या मातीत किंवा कंपोस्टच्या ढिगात ते पुन्हा रुजतात. उन्हात खडखडीत वाळवून मगच ढिगात टाक.

मोठी छाटणी फेब्रुवारी संपायच्या आत उरकत जा. मार्चपासून ऑगस्टपर्यंत आयव्हीत पाखरं घरटी करतात आणि वापरातलं घरटं मोडणं हा इथे १९८१च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. कायदा नसता तरी तू ते केलं नसतंस, हे तुझ्या पत्रावरून कळतं. पुढेमागे एखादी फांदी फुलावर आली तर ती ठेव. आयव्ही सप्टेंबर ते नोव्हेंबर फुलते, बागेत दुसरं काही उरलेलं नसतं तेव्हा. हिरवट पिवळी, बिनदिखाऊ फुलं, पण दुपारी ऊन पडलं की सगळी वेल गुणगुणते. इथे आयव्ही-बी नावाची एकेकटी राहणारी मधमाशी आहे, पोटावर फिकट पट्टे असलेली. ती २००१ साली ब्रिटनमध्ये पहिल्यांदा डॉर्सेटला दिसली आणि तिथून वर सरकत आली. तिचा सगळा संसारच या फुलांवर चालतो. हिवाळा सरताना काळी फळं कस्तुरांच्या जातीचे पक्षी आणि कबुतरं खातात.

अमेरिकेत ओरेगॉनमध्ये राहणाऱ्या वाचकांनी मात्र हे पत्र वाचून आयव्ही आणायला निघू नये. तिथल्या जंगलात तिने फार नुकसान केलं आहे आणि तिची विक्रीच बंद आहे. ब्रिटनमध्ये ती मूळचीच.

आणि साताऱ्याच्या फांद्या. नको गं नेऊस. भारतात बाहेरून रोप किंवा फांदी आणायची तर आधी आयात परवाना लागतो आणि ज्या देशातून आणायची तिथला रोगमुक्ततेचा दाखला लागतो. २००३ च्या वनस्पती संगरोध (क्वारंटाइन) आदेशात ते सांगितलं आहे. बॅगेत गुंडाळून नेलेल्या दोन फांद्यांबरोबर कुठली बुरशी, कुठली कीड जाईल हे तुला मला दिसणार नाही, आणि साताऱ्याच्या आसपास लोकांची शेतीवर पोटं आहेत. शिवाय नेलीस तरी ती वेल तिथल्या एप्रिल-मेच्या झळा सोसणार नाही. भारतात आयव्ही आहे, पण ती हिमालयातली. सिमल्याकडे बांजाच्या, म्हणजे तिथल्या ओकच्या, झाडांवर चढलेली मी बघितली आहे, तिची फळं नारिंगी पिवळी असतात. सह्याद्रीच्या पायथ्याला तिचं काम नाही.

आईला रंग हवा आहे ना? मग तिच्या घरात आधीच असलेल्या मनीप्लँटकडे बघायला सांग. मनीप्लँट हीसुद्धा मूळची पॅसिफिकमधल्या मूरेआ बेटावरची, आपल्याकडे इतकी रुळली की परकी वाटत नाही. हॉलच्या कोपऱ्यात, टीव्हीशेजारच्या बाटलीत ठेवलेली मनीप्लँट हिरवी का दिसते, याचं कारण तुझ्या 'बटरकप'सारखंच आहे. तिलाही पिवळं व्हायला उजेड लागतो. साताऱ्यात आंब्याच्या बुंध्यावर चढलेली मनीप्लँट तू बघितली असशील, सुपाएवढी पानं आणि त्यावर पिवळे फराटे. पूर्ण पोपटी-पिवळ्या पानांची 'निऑन' नावाची जातही आता नर्सरीत मिळते. दुपारचं ऊन टाळायचं, कारण पान भाजतं. आणि नातू तिथे राहायला आला की कुंडी उंचावर ठेवायची, त्या पानाने तोंड आणि घसा कच्च्या अळूसारखा खवखवतो.

आईला आज फोन करशील तेव्हा सांग, बाटलीतली मनीप्लँट मातीत लाव आणि कुंडी ओसरीच्या पूर्वेच्या खांबाशी ठेव, जिथे सकाळचं कोवळं ऊन येतं. खांबाला काथ्याची दोरी गुंडाळून दे, म्हणजे ती चढेल. तू डिसेंबरमध्ये पोचशील तोवर तिला चार-पाच नवी पानं आलेली असतील.